व्हिडिओ कोणत्या नाक्यावर अडतो?

सुरतेच्या रिंग रोडवरील कापड बाजारांत साडीची घडी गिऱ्हाइकापुढे मोडण्याआधी ती मोबाईलच्या पडद्यावर उलगडते, हे आता नवलाचे राहिलेले नाही. त्याच शहरात लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आपली खानदेशी माणसे मोठ्या संख्येने राहतात. उधना-जळगाव लोहमार्गाने त्यांचे जाणे-येणे पिढ्यानुपिढ्या चालू आहे. लग्नातली, जत्रेतली, अहिराणी गाण्यांची शूटिंगे हीही मंडळी मोबाईलवरच करतात. प्रश्न उद्भवतो तो पुढे. काढलेला व्हिडिओ ठेवायचा कोठे?

बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. कोणत्या तरी मोठ्या कंपनीच्या दारात तो नेऊन टाकावयाचा. ही सोय मोठी खरी, पण दार दुसऱ्याचे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. बंदीमागील कारणांचा विचार येथे करावयाचा नाही. मात्र ज्यांनी आपली सारी कला, आपला सारा प्रेक्षक त्या एका ठिकाणी ठेवला होता, त्यांची दुकाने एक-दोन दिवसांत बंद झाली आणि त्यांत खेड्यापाड्यांतील कलावंत पुष्कळ होते. तेव्हापासून अनेक जण विचारू लागले आहेत की, आपला व्हिडिओ आपल्याच जागेत, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, आपल्या नावाच्या संकेतस्थळावर का ठेवू नये?

ठेवता येतो. परंतु पहिल्याच दिवशी अपलोडची पट्टी अर्ध्यावर थांबते, नाही तर पूर्ण भरते आणि मग 'अपलोड अयशस्वी' एवढे दोन शब्द पडद्यावर उमटतात. कित्येक जण येथेच हात टेकतात आणि पुन्हा त्या परक्या दाराशी जातात. कोणी इंटरनेटवाल्याला बोल लावतो, कोणी जास्त भाड्याचा सर्व्हर घेतो, कोणी दिसेल ती सेटिंग फिरवून पाहतो आणि चालू असलेलेही बंद पाडतो. वास्तविक या दोन शब्दांमागे आठ-दहा निरनिराळी कारणे असू शकतात आणि त्यांतले आपले कोणते, हे पैसा न खर्चता अर्ध्या तासात शोधता येते. ते कसे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आधी ओझे किती आहे ते पाहू. मोबाईलवरील साध्या 'फुल एचडी' चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगास तीन बाइट धरले तर एका चित्रास सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला अशी ३० चित्रे. एका मिनिटाचा हिशेब ११ गिगाबाइटच्या पुढे जातो! प्रत्यक्षात मोबाईल एका मिनिटाची फाईल साधारण ६० ते १३० मेगाबाइटची बनवतो. उरलेले ओझे गेले कोठे?

या चमत्काराच्या मुळाशी जे गणित आहे त्याचे जनक बंगळूरचे, ही गोष्ट आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील वाचकांनाही आवडेल. बंगळूर येथे १९४० साली जन्मलेले आणि तेथेच अभियांत्रिकीची पदवी घेतलेले नासिर अहमद हे अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवीत होते. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले, ते नाकारण्यात आले. तरीही काम पुढे गेले आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांचा 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. चित्राचे लहान लहान चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनातील छटांचा बदल संथ किती आणि बारीक किती हे वेगळे करावयाचे, आणि डोळ्याला फारसा न जाणवणारा बारीक भाग कमी अचूकतेने नोंदवावयाचा, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. छायाचित्रांचे जेपेग आणि व्हिडिओचे एच-२६४ (२००३) व एचईव्हीसी (२०१३) ही सारी या एका कल्पनेची लेकरे होत. व्हिडिओत आणखी एक काटकसर असते. दर चित्र नव्याने न लिहिता मागच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच लिहावयाचे.

सुरतेच्या व्यापाऱ्याची अडचण येथेच समजते. वर्गात फळ्यासमोर उभ्या असलेल्या प्राध्यापकांचा व्हिडिओ फार लहान होतो, कारण फळा हलत नाही (आणि पुष्कळदा प्राध्यापकही). पण जरीची साडी वाऱ्यावर झुलवली की प्रत्येक तार क्षणोक्षणी चमकते आणि विझते, बारीक नक्षी प्रत्येक चित्रात सरकते. काटकसरीला जागाच उरत नाही. अशा व्हिडिओला एक तर जास्त मेगाबाइट द्यावे लागतात, नाही तर जरीचा चिखल झालेला पाहावा लागतो. व्हॉट्सॅपवरून स्वतःलाच पाठवून फाईल लहान करून घेण्याची जी युक्ती सर्रास वापरली जाते, तिच्यात नेमका हा चिखल होतो. मला ती युक्ती मुळीच पसंत नाही.

आता प्रवास. पूर्वी मालाच्या ट्रकला शहरात शिरताना जकात नाके लागत, तसे अपलोड होणाऱ्या फाईलला एकापाठोपाठ एक नाके लागतात. प्रथम आपली इंटरनेटची लाईन. मग काही ठिकाणी मध्ये क्लाउडफ्लेअरसारखा पहारेकरी. मग सर्व्हरवर दाराशी बसलेला कार्यक्रम, उदाहरणार्थ एन्जिनएक्स किंवा अपाची. त्याच्या आत पीएचपी, जिच्यावर वर्डप्रेससारखी संकेतस्थळे चालतात. त्याच्याही आत त्या संकेतस्थळाचे स्वतःचे नियम, आणि शेवटी डिस्क, जिथे फाईल उतरावयाची आहे. गंमत अशी की, या नाक्यांचे नियम निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या काळी लिहिले आहेत आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही.

नियम मुळात फार चिंचोळे असतात. एन्जिनएक्स मुळात १ मेगाबाइटपेक्षा मोठा मजकूर आत घेत नाही. पीएचपी एका फाईलला मुळात २ मेगाबाइट आणि सबंध पाठवणीला ८ मेगाबाइट एवढीच मुभा देते. क्लाउडफ्लेअरच्या फुकट योजनेत ही सीमा १०० मेगाबाइट आहे. सर्व्हर भाड्याने देणारे यांतले काही आकडे आधीच वाढवून देतात, पण सगळे वाढवतातच असे नाही. मिनिटाला १०० मेगाबाइटची आपली साडी येथे कशी निभावणार?

परंतु हे आकडेच शोधाचे साधन होतात. मोठा व्हिडिओ पुन्हा पुन्हा चढवीत बसू नये. मोबाईलवर पाच-सात सेकंदांचे शूटिंग करून ते १ मेगाबाइटच्या आत बसेल इतके लहान करावे आणि प्रथम तेवढेच पाठवावे. ते गेले, तर रस्ता मोकळा आहे आणि दोष आकाराचा किंवा वेळेचा आहे. ते सुद्धा गेले नाही, तर आकाराचा विचार डोक्यातून काढून टाकावा आणि परवानगी, फाईलचा प्रकार, डिस्कवरील जागा यांकडे वळावे. एवढ्या एका चाचणीने निम्मी कारणे बाद होतात. त्यानंतर दीड, तीन, दहा मेगाबाइट असे चढत जावे. १ मेगाबाइट ओलांडताच नकार आला तर बोट एन्जिनएक्सकडे, २ ओलांडताच आला तर पीएचपीच्या फाईल-मर्यादेकडे, ८ च्या आसपास आला तर तिच्या एकूण मर्यादेकडे, आणि १०० पर्यंत सर्व सुरळीत असून पुढे अडले तर मधल्या पहारेकऱ्याकडे.

यांतल्या ८ मेगाबाइटच्या नाक्याबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तो माणसाला वेड लावतो. एक फाईल २ मेगाबाइटहून मोठी असली तर पीएचपी निदान ठराविक क्रमांकाची त्रुटी नोंदवते. पण सबंध पाठवणीच एकूण मर्यादेबाहेर गेली, तर ती आतल्या कार्यक्रमाच्या हाती रिकामे ताट देते. फाईलही नाही आणि सोबत लिहिलेले शीर्षकही नाही. संकेतस्थळाला वाटते, कोणी काही पाठवलेच नाही. ते मुकाट्याने मूळ पान पुन्हा दाखवते. फॉर्म भरावा, पट्टी पूर्ण व्हावी आणि पुन्हा कोरा फॉर्म समोर यावा, असे झाले की हाच नाका समजावा. म्हणून मर्यादा वाढवताना दोन्ही वाढवाव्यात आणि एकूण मर्यादा फाईल-मर्यादेपेक्षा थोडी जास्तच ठेवावी. पुष्कळ जण पहिली १०० करतात, दुसरी ८ वरच राहते, आणि मग सेटिंग लागू होत नाही म्हणून कपाळाला हात लावतात.

आकाराप्रमाणेच वेळेचेही नाके असतात. येथे एक साधी कसोटी आहे. तीच फाईल तीन वेळा पाठवावी आणि घड्याळ पाहावे. दर वेळी त्याच सेकंदाला, उदाहरणार्थ बरोबर ६० व्या सेकंदाला, ती तुटत असेल तर कोठे तरी वाट पाहण्याची मुदत ठरवलेली आहे. कधी चाळिसाव्या सेकंदाला, कधी तिसऱ्या मिनिटाला तुटत असेल तर लाईन कच्ची आहे. मग सर्व्हरवाल्याला फोन करून काही उपयोग नाही.

लाईनच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटांत आणि आपण फाईल मोजतो ती मेगाबाइटांत. एक बाइट म्हणजे आठ बिट. शिवाय जाहिरातीतला वेग बहुधा खाली येण्याचा असतो, वर जाण्याचा मोबाईलवर बराच कमी पडतो. वर जाण्याचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट असेल तर १२० मेगाबाइटची फाईल जाण्यास ३ मिनिटे १२ सेकंद लागतात. १ मेगाबिट असेल तर १६ मिनिटे. १६ मिनिटांत मोबाईलचा पडदा झोपी जातो, वायफाय बदलते, कोणाचा तरी फोन येतो.

नकाराचे कारण ब्राउझरला पुष्कळदा ठाऊक असते, फक्त तो ते आपणहून सांगत नाही. संगणकावर एफ-१२ कळ दाबून 'नेटवर्क' हा भाग उघडावा आणि मग अपलोड करावे. तेथे तीन अंकी क्रमांक दिसतो. ४१३ म्हणजे आकार मोठा. ४०३ म्हणजे मज्जाव, म्हणजे परवानगीचा प्रश्न किंवा सुरक्षेच्या चाळणीने अडवलेले. ५०४ म्हणजे आतल्या कार्यक्रमाची वाट पाहून मुदत संपली. ५०० म्हणजे आत काहीतरी मोडले. त्यासाठी सर्व्हरवरील त्रुटींची नोंदवही उघडावी, तिच्यातील शेवटच्या चार ओळी बहुधा सर्व सांगून जातात. सर्व्हरवाल्याशी बोलताना 'व्हिडिओ जात नाही हो' असे सांगण्याऐवजी हा क्रमांक, फाईलचा आकार आणि नेमकी वेळ सांगितली तर उत्तर लवकर मिळते.

पट्टी शंभर टक्के भरून मग नकार आला, तर फाईल दारापर्यंत पोचली होती एवढे नक्की. पीएचपीच्या मर्यादेचा नकार पुष्कळदा असाच उशिरा येतो, कारण दारावरचा कार्यक्रम सर्व माल आधी उतरवून घेतो आणि मगच आत कळवतो. ती मर्यादा ठीक असेल तर डिस्क पाहावी. फाईल आधी तात्पुरत्या कप्प्यात उतरते, मग तिच्या कायम जागी जाते. कधी कधी ती थोडा वेळ दोन ठिकाणी असते, म्हणून १०० मेगाबाइटच्या फाईलला १०० मेगाबाइटच मोकळी जागा पुरेल असे धरू नये. कप्प्यात लिहिण्याची परवानगी नसणे हे दुसरे कारण. सर्व्हर एका जागेहून दुसऱ्या जागी हलवल्यानंतर ते हमखास उपटते.

भाडोत्री सर्व्हरवर मर्यादा वाढवू देत नसतील तर? दोन वाटा आहेत. एक म्हणजे एसएफटीपीने फाईल थेट सर्व्हरच्या डिस्कवर ठेवणे. ही मागच्या अंगणातून जाणारी वाट आहे, तिच्यावर पीएचपी नाही आणि एन्जिनएक्सही नाही. दुसरी वाट म्हणजे फाईल मुळातच लहान करणे. हँडब्रेक किंवा एफएफएमपेग हे फुकट कार्यक्रम यासाठी उत्तम. यांतला दुसरा फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केला आणि व्हिडिओच्या जगातील असंख्य कामे आज त्याच्या पाठीवर उभी आहेत. १२८० बाय ७२० बिंदू आणि सेकंदाला २ मेगाबिट असा हिशेब ठेवला तर एका मिनिटाला १५ मेगाबाइट होतात. व्याख्यान, गाणे, भाषण यांना हे भरपूर आहे. जरीकामाला याच्या दुप्पट द्यावे आणि साडी जरा सावकाश फिरवावी.

एवढे होऊन व्हिडिओ चढतो, आणि मग दिसत नाही! हा दोष अपलोडचा नव्हे, पण लोक तो अपलोडच्याच माथी मारतात. आवाज येतो आणि चित्र काळे, असे असेल तर फाईल बहुधा एचईव्हीसी पद्धतीची असते. आयफोनवर २०१७ पासून ही पद्धत आली. तिच्यात जागा वाचते, पण प्रत्येक ब्राउझरला ती उलगडता येत नाही. एच-२६४ मात्र जवळजवळ सर्वत्र चालते. आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले की तो बहुतेक शूटिंग एच-२६४ मध्ये करतो. फाईलच्या नावातील शेवटचे 'एमओव्ही' खोडून 'एमपी-४' लिहिण्याने काही साधत नाही. पिशवीवरचे नाव बदलले म्हणून आतले धान्य बदलत नाही, आणि सावध संकेतस्थळे आतले पहिले काही बाइट वाचून पाहतात.

दुसरी तक्रार अशी की, व्हिडिओ सुरू व्हायला फार वेळ घेतो. एमपी-४ फाईलमध्ये एक अनुक्रमणिका असते. कोणते चित्र फाईलमध्ये कोठे आहे ते तिच्यात लिहिलेले असते. कॅमेऱ्याला ती शूटिंग संपल्यावरच लिहिता येते, म्हणून ती फाईलच्या शेवटी बसते. पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असली तर वाचकाला आधी तेथवर जावे लागते, तसेच हे. हँडब्रेकमध्ये 'वेब ऑप्टिमाइझ्ड' या चौकोनात खूण केली की ती उचलून आरंभी ठेवली जाते. अपलोड मध्येच तुटलेली फाईल नव्वद टक्के आली असूनही अजिबात का चालत नाही, याचेही उत्तर येथे मिळते. राहिलेल्या दहा टक्क्यांत अनुक्रमणिका होती.

आता एक खास आपली अडचण, जी इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडावयाची नाही. आपण फाईलला हौसेने देवनागरी नाव देतो. लिनक्स सर्व्हरवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना, मात्रा, हलन्त यांनाही, तीन. म्हणून नाव ८५ चिन्हांत संपले पाहिजे. 'स्नेहसंमेलन' या एका शब्दातच ११ चिन्हे, म्हणजे ३३ बाइट आहेत, आणि पत्त्यात तो शब्द टक्क्याच्या खुणांनी लिहिला गेला की त्याची ९९ अक्षरे होतात. 'महाविद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील पारितोषिक वितरण समारंभ' असे मनापासून लिहिणाऱ्याची आणि मग त्यापुढे गाव, वार, तारीख जोडणाऱ्याची फाईल सर्व्हर घेत नाही, आणि का घेत नाही ते सांगतही नाही.

याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' या शब्दांतील अर्धा र. संगणकात तो दोन प्रकारे लिहिता येतो, एका चिन्हाने किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना फरक दिसत नाही, सर्व्हरला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. जुन्या मॅक संगणकांवर फाईलचे नाव दुसऱ्या प्रकारे मोडून ठेवले जाई, विंडोजवर लिहिलेला दुवा बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. फाईल डोळ्यांसमोर असते, नाव हुबेहूब तेच असते, आणि सर्व्हर म्हणतो, अशी फाईल येथे नाही. कन्नडमध्ये दीर्घ ओकाराचे चिन्हही असेच तीन तुकड्यांत मोडते, तेव्हा त्या विभागातील मित्रांची यातून सुटका नाही. फाईलचे नाव साधी रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढ्यांतच ठेवावे, उदाहरणार्थ वर्ष, महिना, तारीख आणि एक लहानसा शब्द. मराठी शीर्षक त्या व्हिडिओच्या वर ठळक अक्षरांत लिहावे. तेथे त्याला २५५ ची मर्यादा नाही.